वर्सोव्याचा किनारा आणि सम्यक व्यायाम

वस्तीतल्या अभ्यासवर्गात 'सम्यक व्यायाम' शिकवायची वेळ आली की आम्ही वर्सोव्याच्या किनाऱ्याचे उदाहरण देतो. व्यायाम म्हटले की पोरांना आधी जिम आठवते. अष्टांगिक मार्गात त्याचा अर्थ प्रयत्न असा आहे आणि तो चार प्रकारचा: मनात न आलेले अकुशल येऊ न देणे, आलेले घालवणे, नसलेले कुशल निर्माण करणे आणि निर्माण झालेले टिकवणे. चौथा सर्वांत चिवट, आणि आपल्या भाषणांत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी.

ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर असे दोघेच किनाऱ्यावरचा कचरा उचलायला उतरले. पुढे दर शनिवार-रविवारी माणसे जोडली गेली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' सन्मान मिळाला. गोष्ट इथे संपली असती तर आम्ही ती सांगितलीच नसती. समुद्राला पुरस्काराचे काय! भरती आली की प्लास्टिक परत. नोव्हेंबर २०१७ मध्ये न उचललेले ढीग आणि स्वयंसेवकांना होणारी शिवीगाळ यांमुळे शाह यांनी काम थांबवल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच ते पुन्हा सुरू झाले. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. नंतर काम मिठी नदीकडे आणि वस्त्यांमधल्या कचरा वर्गीकरणाकडे वळले, म्हणजे कचरा समुद्रात पोहोचण्याआधीच अडवण्याकडे. चारही प्रयत्न इथे उघड्या डोळ्यांनी दिसतात.

पण वर्गात एक प्रश्न हमखास येतो: कचरा तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माथी मारला, तो उचलून विकास कसला? प्रश्न बिनतोड आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा असेच सांगितले होते. कष्ट आहेत म्हणून माणूस घडतो असे नाही. सिद्धार्थानेही सहा वर्षांचे देहदंडन निष्फळ म्हणून सोडलेच. लादलेले कष्ट आणि समजून-उमजून निवडलेले आव्हान यांत फरक न करणारी प्रेरणादायी भाषणे आम्हाला म्हणूनच पटत नाहीत.

मुंबईतच दुसरे उदाहरण आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. त्याआधी औद्योगिक न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय. यातले बहुसंख्य कामगार दलित. रोजची घाण त्यांच्यावर लादलेली होती; कंत्राटदाराची भीती असताना वर्षानुवर्षे खटला न सोडणे मात्र त्यांनी निवडले होते. संघटनेची पावती फाडणे, तारखेला हजर राहणे, घरच्यांना समजावणे यांतून जो धीट माणूस तयार होतो, त्याला आम्ही वाढ म्हणतो.

वर्गात आता प्रत्येकाला दोन याद्या करायला सांगतो: स्वतः पत्करलेली अवघड कामे आणि घरावर लादलेली. पहिल्या यादीतले एक काम तीन महिने चालवायचे, मग ते स्पर्धापरीक्षेचे गणित असो की इंग्रजी बोलणे. दुसऱ्या यादीत बहुतेकांचे पाणी, शौचालय आणि आईची कंत्राटी नोकरी निघते. त्यावर आम्ही सगळे मिळून अर्ज लिहितो आणि के-पश्चिम प्रभाग कार्यालयातून पोच घेऊन येतो.