पाऊस लावून बघा

जव्हारला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं की पोरांचा प्रश्न ठरलेला असतो, "काका, किती एफपीएस देतंय?" मी म्हणतो, आकडा नंतर बघू. आधी रेसिंगचा गेम टाक आणि त्यात पाऊस लाव. कोरड्या रस्त्यावर, लख्ख उन्हात बरीच कार्डं सुसाट पळतात. त्यांचा कस लागतो तो ओल्या रस्त्यावर.

एफपीएस म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढून पडद्यावर टाकतं ते. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. ताशी २०० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात जवळजवळ एक मीटर पुढे गेलेली असते. रस्ता, झाडं, कठडे, सगळं दर चित्रात बदलतं, त्यामुळे कार्डाला उसंत मिळत नाही. शिवाय तोच ट्रॅक, तीच गाडी, तेच हवामान पुन्हा लावता येतं. तुलना करायची तर परीक्षा सगळ्यांना सारखीच हवी.

सरासरीवर मात्र भुलू नका. समजा, एका सेकंदात ५९ चित्रं प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत निघाली आणि एकाच चित्राला ११५ लागले. बेरीज बरोबर एक सेकंद, सरासरी ६०. कागदावर सगळं झकास! पण त्या एका चित्रापायी गाडी सहा मीटरहून जास्त अंतर आंधळेपणाने गेली. हे नेमकं वळणावर झालं की गाडी कठड्यावर. म्हणून सरासरीच्या शेजारी 'एक टक्का लो' असा आकडा बघायचा. सर्वांत रखडलेल्या एक टक्का चित्रांचा वेग त्यात कळतो. सरासरी आणि हा आकडा यांत जेवढी दरी, तेवढा गेम अटकतो.

एफवनच्या अलीकडच्या गेममध्ये चाचणीची सोय आतच असते. ट्रॅक निवडा, हवामान ओलं करा, फेऱ्या ठरवा. गाडी गेमच चालवतो. पहिली फेरी मी हिशेबात धरत नाही, कारण तेव्हा कार्ड थंड असतं आणि मागे बरीच जुळवाजुळव चालू असते. कार्ड तापलं की खरे आकडे येतात. एमएसआय आफ्टरबर्नर चालू ठेवलं की तापमान आणि कार्डाची मेमरी पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहते. मेमरी काठोकाठ भरली की गेम हिसके देऊ लागतो. चाचणी करताना कॅबिनेटचं झाकण लावलेलंच हवं. काही जण झाकण काढून, वर पंखा सोडून आकडे घेतात. घरी झाकण लागलं आणि कार्ड तापलं की ते जिवाच्या भीतीने स्वतःच वेग उतरवतं.

आता पाऊसच का? ऑगस्टमध्ये दाभोश्याच्या धबधब्यापाशी जाऊन उभे राहा. लेंडी नदी सुमारे ३०० फुटांवरून कोसळते आणि तिच्या तुषारांतून मागचा काळा कातळ दिसतो न दिसतो असा होतो. एका पडद्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा. पुढच्या गाडीच्या चाकांमागून उडणारं पाणी गेममध्ये अगदी असंच रचलेलं असतं. भिंत असती तर तिच्यामागचं काढायची गरजच नव्हती. इथे प्रत्येक थर अर्धा पारदर्शक, म्हणून पडद्यावरच्या एकाच ठिपक्याचा रंग कार्डाला पुन्हा पुन्हा काढावा लागतो. दहा गाड्यांच्या मागे राहून पहिलं वळण घ्या, चांगल्या चांगल्या कार्डांची दमछाक होते.

मग प्रतिबिंबं. रात्री पावसात जव्हारच्या घाटात समोरून ट्रक आला की त्याचे दिवे डांबरावर लांबच लांब ओघळलेले दिसतात. डबक्यात मात्र तेच दिवे आरशासारखे स्वच्छ. डांबर खडबडीत, पाणी सपाट, म्हणून हा फरक. गेममध्ये सगळा रस्ताच आरसा झाला असेल तर चकचकाट पुष्कळ आहे, पण तो रस्ता खरा वाटत नाही. आणखी एक खूण सांगतो. कॅमेरा हळूच खाली वळवा. झाड पडद्याबाहेर गेल्याबरोबर डबक्यातलं त्याचं प्रतिबिंबही गडप झालं, तर समजा, गेम फक्त पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंचीच नक्कल करतोय. एनव्हिडियाने २०१८ मध्ये आरटीएक्स कार्डं आणली, तेव्हापासून घरच्या कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये रे ट्रेसिंग आलं. त्यात प्रकाशकिरणांचा माग काढतात, म्हणून पडद्याबाहेरचं झाडही डबक्यात टिकतं. पण त्याची किंमत एफपीएसमध्ये मोजावी लागते.

एफपीएस वाढवायला डीएलएसएस, एफएसआर अशा युक्त्या आहेत. चित्र लहान काढायचं आणि हुशारीने मोठं करायचं. त्या लावल्यावर गाडीमागचं तारेचं कुंपण आणि चाकाच्या काड्या निरखून बघा; पुसट शेपूट दिसली तर एक पायरी वरचा दर्जा लावा. फ्रेम जनरेशन दोन चित्रांच्या मध्ये तिसरं घुसवतं. आकडा फुगतो, हालचाल मऊ दिसते, पण स्टिअरिंग काही त्यामुळे लवकर ऐकत नाही.

गेम बनवण्याच्या या दुनियेत आपली माणसंही आहेत. सुमो डिजिटलचा पुण्यातला स्टुडिओ २००७ चा, युबिसॉफ्टने पुण्यात स्टुडिओ घेतला तो २००८ मध्ये. २०११ च्या एफवन गेममध्ये ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आलं. जुन्या कार्डांवर मी अजून तोच ट्रॅक लावतो, अर्थात ओला.

गेम अटकला तर सगळंच 'लो' करू नका. आधी गाडीच्या आरशांचा दर्जा उतरवा, कारण आरशासाठी मागचा देखावा वेगळा काढावा लागतो. मग सावल्या, मग प्रतिबिंबं, एकेक पायरी. मेमरी पुरत असेल तर टेक्श्चरला हात लावू नका. दर बदलानंतर तीच ओली फेरी पुन्हा.

विकत घेतानाही हाच हिशेब. एका कार्डाची ओल्या ट्रॅकवर सरासरी ९० आणि लो ३५, दुसऱ्याची सरासरी ७५ आणि लो ५८ असेल, तर डोळे झाकून दुसरं घ्या. ते स्वस्त पडलं तर उरलेले पैसे चांगल्या एसएमपीएसवर आणि यूपीएसवर घाला. आमच्याकडे पाऊस लागला की लाइटचा काही भरवसा नसतो.