धुरजड की उलाळ?

आम्हा मराठीच्या मास्तरांचा वजनाशी संबंध यायचा तो वृत्तातल्या लघु-गुरूंपुरता. त्यामुळे कल्याणचा एक जुना विद्यार्थी नवे पिकअप घेऊन डोंबिवलीत आमच्या दारी आला आणि "सर, एवढा हिशेब बघता का?" म्हणाला, तेव्हा आम्ही प्रथम चष्मा शोधण्यात वेळ काढला.

गाडी कर्जाची. ठाण्याचा एक मंडपवाला लग्नसराईचे काम देत होता. हौद्यात मंडपाचे सामान आणि मागे दोन चाकांच्या ट्रेलरवर जनरेटर. एका खेपेत दोन कामे, की महिन्याचा हप्ता सुटला!

"गाडी ओढते, सर. ओढून पाहिली."

"ओढते रे, पण मुंब्रा बायपासच्या उतारावर थांबेल का?"

आम्हाला आजोबांची बैलगाडी आठवली. ओझे पुढे जास्त झाले, की जू बैलांच्या मानेवर दबे. ती गाडी धुरजड. मागे जास्त झाले, की जू वर उचले आणि बैलांचे गळे आवळले जात, ती उलाळ. ट्रेलरचेही तसेच आहे. साध्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार ओढणाऱ्या गाडीवर यावा लागतो. कमी आला, तर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. फार आला, तर गाडीचा मागचा आस दबतो आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते.

न्हावा शेव्याचे कंटेनर घोडबंदर रस्त्याने नेणारे ट्रेलर वाचकांनी पाहिले असतील. त्यांच्या ओढणाऱ्या गाडीला चालकमंडळी 'घोडा' म्हणतात. घोड्याच्या पाठीवरची तबकडी म्हणजे 'फिफ्थ व्हील', पाचवे चाक. हे नाव खऱ्या घोडागाड्यांच्या काळातले. हे चाक रस्त्याला कधीच टेकत नाही. पण ट्रेलरच्या पुढच्या बाजूचा सारा भार तेच पेलते.

आता आमचा हिशेब. नोंदणीच्या कागदावर भरलेल्या गाडीचे कमाल वजन 3,000 किलो, रिकामीचे 1,700. उरले 1,300. दोन माणसांचे 150, सामानाचे 1,000; शिल्लक 150. जनरेटरसह ट्रेलर 1,500 किलोंचा. त्याचे 10 टक्के 150, म्हणजे काठोकाठ. 15 टक्के धरले तर 225, म्हणजे 75 किलो जास्त! शिवाय गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची मर्यादा दिलेलीच नव्हती. न लिहिलेली मर्यादा म्हणजे मोकळीक, असे मानणे धोक्याचे. कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने जादा वजनाला 20,000 रुपये दंड ठेवला आहे; वर प्रत्येक जादा टनामागे 2,000.

"वजनकाट्यावर जा," आम्ही म्हटले, "आणि पुढची-मागची चाके वेगवेगळी तोलून घे."

तो गेला. काट्यानेही आमचीच री ओढली. त्याने दोन खेपांचा दर मागितला. मंडपवाल्याने जनरेटर दुसऱ्या गाडीला दिला.

परवा तो फराळाचा डबा घेऊन आला होता. नुसत्या मंडपाच्या सामानावर हप्ता मोठ्या ओढाताणीने सुटतो, म्हणाला. पण ती ओढाताण उतारावर होत नाही, एवढ्यावर त्याची आई समाधानी आहे.