मुळशीच्या काठाने: ओढ्याचं वळण आणि सोंडेचं वळण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या तीन शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी मजकूर तोच.

मागच्या वर्षी फाल्गुनात, होळीच्या आठवडाभर आधी, मी आणि माझी धाकटी बहीण पहाटे चांदणी चौकातून निघालो. भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशी, तिथून तलावाच्या काठाने ताम्हिणी, आणि परत. जाताना मस्त गेलो. येताना पडलो. दोघंही. तिचा तळहात सोलवटला, माझा गुडघा सुजला, गाडीचा क्लच लिव्हर वाकला. घरी आईला सांगितलं की पार्किंगमध्ये गाडी कलंडली. (आई हा पॉडकास्ट ऐकत नाही. आशा आहे.)

त्यानंतर वर्षभर ती माझ्या मागे बसली नाही. यंदा जानेवारीत एकदा जेवताना म्हणाली, "दादा, परत जाऊ. पण आधी मला नीट सांग, आपण पडलो का? 'खडी होती' हे उत्तर नकोय."

मी ऑफिसमध्ये दर आठवड्याला कुठला तरी सर्व्हर का पडला याची कारणं शोधून लिहितो. स्वतःची गाडी का पडली ते मात्र कधी लिहिलं नव्हतं. तर हा भाग म्हणजे तिला दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात रस्त्यापासून करू. तलावाकाठचा रस्ता आपल्याला कुणीतरी फिरायला केल्यासारखा वाटतो. एका बाजूला पाणी, दुसरीकडे डोंगर, मधून नागमोडी डांबर. पण मुळशीचा तलाव मुळात तलाव नाहीच, ते धरणाचं पाणी आहे. मुळा नदीच्या खोऱ्यात टाटांनी १९२० च्या दशकात धरण बांधलं, मुंबईला वीज द्यायला. गंमत बघा, मुळा तशी पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला मिळते, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवट बंगालच्या उपसागरात. पण या धरणाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून नळांमधून खाली सोडतात, साधारण ५०० मीटर. खाली भिऱ्याला वीजघर आहे. तिथून ते पाणी कुंडलिकेत जातं आणि रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला भर उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं ना, ते याच सोडलेल्या पाण्यावर.

आणि हे पाणी रिकाम्या जागेत साठलेलं नाही. खाली गावं होती, भाताची खाचरं होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यातले पुढारी. बापटांना 'सेनापती' हे नाव पडलं ते याच लढ्यात. म्हणजे आपण एसबी रोडच्या ट्रॅफिकमध्ये ज्यांच्या नावावर बसून हॉर्न मारतो, ते हेच. तीन वर्षं लढा चालला. धरण झालंच.

हा इतिहास बाईकच्या एपिसोडमध्ये कशाला, असं विचाराल. कारण वळणं त्यातूनच आलीत. खोऱ्याच्या तळातून जाणारी वाट सपाट आणि बऱ्यापैकी सरळ असू शकते. तळ पाण्याखाली गेला की रस्त्याला डोंगराच्या अंगावर चढावं लागतं. तिथे तो फार वरही जाऊ शकत नाही, खाली तर पाणीच आहे. मग तो साधारण एकाच उंचीने डोंगर धरून चालतो. डोंगर जिथे पुढे येतो तिथे रस्ता पुढे येतो, डोंगर आत जातो तिथे आत. नकाशावर समान उंचीच्या रेषा काढलेल्या असतात, त्यातलीच एक उचलून तिच्यावर डांबर टाकल्यासारखं.

आता डोंगराच्या अंगावर दोनच गोष्टी असतात. एक, पुढे आलेली सोंड. ट्रेकवाल्यांना हा शब्द माहीत असेल. दोन, दोन सोंडांमधली घळ, जिच्यातून पावसाळ्यात ओढा येतो. म्हणून काठाच्या रस्त्यावर वळणं कितीही असली तरी प्रकार दोनच: सोंडेचं वळण आणि ओढ्याचं वळण. हे मला पडल्यानंतर कळलं, आणि कळल्यापासून तो रस्ता मला वेगळाच दिसतो.

सोंडेच्या वळणावर तुम्ही डोंगराला वळसा घालता. डोंगर वळणाच्या आतल्या बाजूला असतो, त्यामुळे पुढचं काही दिसत नाही. समोरून ट्रक येतोय की म्हैस बसलीय, वळल्याशिवाय कळत नाही. हॉर्न देणं, आपल्या लेनमध्ये राहणं, दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवणं, हे इथलं. या वळणाची भीती सगळ्यांनाच वाटते आणि म्हणून सगळे इथे सांभाळून चालवतात.

ओढ्याचं वळण उलटं आहे. इथे रस्ता डोंगरात आत शिरतो, मोरीवरून ओढा ओलांडतो आणि पलीकडच्या अंगाने बाहेर येतो. वळणाच्या आत डोंगर नसतो, मोकळी जागा असते आणि खाली पाणी. म्हणजे वळणात शिरण्याआधीच समोरच्या काठावरचा रस्ता स्वच्छ दिसतो. गाडी नाही, माणूस नाही, सगळं मोकळं. मन म्हणतं, चला! आणि नजर मधला भाग गाळून थेट पलीकडे जाते.

पण मधल्या भागातच खरा खेळ असतो. मोरी बांधायची तर ओढा जिथे अरुंद आहे तिथे बांधतात, आणि शक्यतो सरळ आडवी. त्यामुळे रस्ता आत शिरताना सैलसर वळतो आणि मोरीपाशी एकदम आवळतो. शिवाय डोंगरावरून पावसाळ्यात वाहून आलेली माती, कच, बारीक दगड, सगळं येऊन पडतं ते याच ठिकाणी, कारण पाणी तिथूनच येतं. फाल्गुनात त्यावर आणखी एक थर चढतो. पानगळ. आपण पळस फुललाय, काटेसावर फुललीय म्हणून फोटो काढतो, पण ती फुलं एवढी उठून दिसतात कारण झाडावर पानं नसतात. ती पानं कुठे गेली? वाऱ्याने उडून घळीत, मोरीपाशी. खाली कच, वर कोरडी पानं. दिसतं काय, तर नुसता पाचोळा.

थोडं गणित सांगतो, घाबरू नका. वळताना गाडी किती झुकवावी लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं: वेग आणि वळणाची त्रिज्या. त्यात वेगाचा वर्ग येतो, आणि माणसं फसतात ती त्या वर्गामुळे. समजा मोरीपाशी त्रिज्या २० मीटर आहे. ३० च्या वेगाने गेलात तर गाडी साधारण २० अंश झुकते. ४० ने गेलात तर ३२ अंश. ५० ने गेलात तर जवळजवळ ४५. म्हणजे ३० चे ५० केले, काट्यावर जेमतेम बोटभर फरक, पण झुकणं दुपटीच्या वर गेलं. टायरला लागणारी पकड तर ०.३५ वरून ०.९८ वर जाते. चांगल्या कोरड्या डांबरावर ती ०.७ ते ०.९ च्या आसपास मिळते. पाचोळ्याखालच्या कचीवर किती मिळेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता त्या सकाळचं. ताम्हिणीहून परत निघालो तेव्हा दहा वाजले असतील. येताना डोंगर उजव्या हाताला आणि पाणी डावीकडे, म्हणजे ओढ्याची वळणं सगळी डावी. ऊन पाण्यावर चमकत होतं. वसंतात धरणाचं पाणी खाली उतरायला लागतं, त्यामुळे झाडांची हद्द आणि पाणी यांच्या मध्ये उघड्या मातीचा पट्टा दिसतो. मी बहिणीला तो पट्टा दाखवत होतो. होय, चालवताना, हात करून. तेवढ्यात ओढ्याचं वळण आलं. पलीकडचा रस्ता रिकामा दिसला आणि मी वेग कमी केला नाही. ४० ते ४५ च्या मध्ये असेन. मोरीपाशी वळण आवळलं, गाडी बाहेर जायला लागली, समोर पाचोळा दिसला आणि मी तीच चूक केली जी सगळे करतात. पुढचा ब्रेक दाबला.

टायरकडे पकडीचं एकच पाकीट असतं. त्यातून वळायलाही खर्च होतो आणि ब्रेकलाही. मी वळण्यात पाकीट जवळजवळ संपवलं होतं, वर ब्रेकने मागणी केली. पुढचं चाक गेलं. एबीएस आहे माझ्या गाडीला. पण साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. झुकलेल्या गाडीचं चाक बाजूला सरकलं तर ते काय करणार?

आम्ही घसरत समोरच्या लेनमध्ये गेलो. गाडी एकीकडे, आम्ही दोघं एकीकडे. बहीण उठून बसली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली? "दादा, एसटी!"

पलीकडच्या काठावरून लाल परी येत होती. ज्या लेनमध्ये आम्ही पडलो होतो, त्याच लेनमधून. पण ड्रायव्हरकाकांनी आम्हाला केव्हाच पाहिलं होतं. ओढ्याचं वळण ना. जसा मला पलीकडचा रस्ता दिसत होता तसे त्यांना आम्ही दिसत होतो. त्यांनी लांबूनच वेग कमी केला, मोरीच्या अलीकडे बस उभी केली. कंडक्टर आणि दोन प्रवासी उतरले, गाडी उचलून साईडपट्टीवर लावली. एका मावशींनी बहिणीच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि मला म्हणाल्या, "पोरी मागं बसल्या की हळू चालवावं रे बाबा." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

हेच सोंडेच्या वळणावर झालं असतं तर? तिथे ड्रायव्हरकाकांना आम्ही वळल्यावर दिसलो असतो. ज्या मोकळेपणाने मला फसवलं, त्यानेच आम्हाला वाचवलं. मी बहिणीला हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली.

मग करायचं काय? वेग वळणाच्या आधी कमी करायचा, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक वापरून. गिअर आधीच खाली. वळणात शिरल्यावर ब्रेक नाही, हलका ॲक्सिलरेटर. नजर आधी मोरीवर, तिथला रस्ता वाचायचा, मग बाहेर पडण्याच्या जागेवर. पाण्यावर नाही, पाचोळ्यावर तर अजिबात नाही. जिथे बघाल तिथे गाडी जाते, हे खरंच तसं होतं. आणि वळण अपेक्षेपेक्षा आवळलंच, तर डावीकडे वळताना हॅण्डलची डावी बाजू पुढे ढकला. उलटं वाटतं, पण गाडी त्यानेच डावीकडे झुकते. रिकाम्या मैदानात २५-३० च्या वेगाने करून बघा, पाच मिनिटांत हाताला कळेल. मला पडण्याआधी कळायला हवं होतं.

पाणी बघायचं असेल तर थांबा. सोंडेवर नको, मोरीवरही नको. दोन वळणांच्या मधल्या सरळ पट्ट्यात, रस्ता पूर्ण सोडून. तिथून खाली तो मातीचा पट्टा निवांत बघता येतो, आणि त्याच्याही खाली काय होतं याचा विचार करता येतो.

यंदा गेलो आम्ही, दोन आठवड्यांपूर्वी. ती मागे बसली नाही. तिने स्वतःची स्कूटर काढली, मला पुढे ठेवलं आणि प्रत्येक वळणाच्या आधी मागून हॉर्न देत राहिली. सोंडेला एकदा, ओढ्याला दोनदा. पळस यंदा मागच्या वर्षीपेक्षा जरा उशिरा फुललाय असं तिचं म्हणणं. मी बघितला नाही, मी मोऱ्या मोजत होतो. ती मोरी आली तेव्हा आम्ही पुढच्या सरळ पट्ट्यात थांबून चालत मागे आलो. पाचोळा तसाच होता. तिने बुटाने बाजूला सारला, तर खाली बोटभर जाडीची कच. म्हणाली, "खडी होती हे खरं होतं तर."

म्हटलं, "हो. पण ४५ पण होते."

पुढच्या भागात टायरमधली हवा आणि मागे माणूस बसल्यावर ती किती बदलायची, यावर बोलू. तुमच्या गाडीच्या चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर एक स्टिकर असेल, त्यावर आकडे आहेत. तेवढे वाचून ठेवा. भेटू.