ब्रेकर पडला नाही, तर तार जिवंत असते

वळवाचा पाऊस सुरू झाला की तुटलेल्या तारेचा शॉक लागून माणूस किंवा जनावर दगावल्याची बातमी येतेच. गावकऱ्यांचा प्रश्न दर वेळी एकच असतो : तार जमिनीवर पडली, मग उपकेंद्रातला ब्रेकर का पडला नाही? प्रश्न रास्त आहे.

११ केव्ही वाहिनीच्या (फिडरच्या) प्रत्येक तारेवर जमिनीच्या तुलनेत सुमारे ६,३५० व्होल्ट दाब असतो. तिन्ही तारांतल्या प्रवाहांची बेरीज एरवी शून्याच्या जवळ राहते. एका तारेतला प्रवाह जमिनीत जाऊ लागला की ही बेरीज बिघडते. अर्थ फॉल्ट रिले हीच बेरीज पाहतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की ब्रेकर पाडतो.

समजा, ही मर्यादा ६० अँपिअर आहे. तार चांगलं अर्थिंग असलेल्या लोखंडी खांबाला टेकली आणि वाटेतला एकूण रोध १० ओहम असला, तर सहाशेच्या वर अँपिअर वाहतात आणि ब्रेकर लगेच पडतो. तीच तार कोरड्या मुरमावर पडली आणि रोध ५०० ओहम भरला, तर प्रवाह जेमतेम १२-१३ अँपिअर. रिलेच्या लेखी काही घडलेलंच नसतं. माणसाचा जीव जायला मात्र अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो.

मर्यादा सरसकट खाली आणावी, तर रोहित्रं चार्ज होतानाच्या क्षणिक लोंढ्यानेही फिडर ट्रिप होऊ लागतो. नेमकी किती खाली आणता येईल, हे सिम्युलेशन सांगतं. संगणकावर अख्खा फिडर उभा करायचा : तारांची लांबी, रोहित्रं, उपकेंद्राचं अर्थिंग, प्रवाह मोजणारे सीटी आणि रिलेचं सेटिंग. मग हव्या त्या खांबापाशी तार तोडून पाहायची. तुटलेलं टोक उपकेंद्राच्या बाजूचं की पलीकडचं, हेही तपासायचं. पलीकडच्या टोकालाही उरलेल्या दोन तारांतून, रोहित्राच्या वेटोळ्यांमार्फत, उलटा पुरवठा मिळतो. ते टोक जिवंत असतं आणि त्यातला प्रवाह आणखी कमी असल्याने रिलेला ते सापडणं अधिकच कठीण.

क्षीण अर्थ फॉल्टही पकडला पाहिजे, हा धडा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने फार मोठी किंमत मोजून घेतला. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत तिथे १७३ माणसं गेली. त्यांतले काही वणवे वीजवाहिन्यांमुळे पेटले होते. त्यानंतर वणव्याचा धोका असलेल्या भागातल्या २२ केव्ही जाळ्यांवर अशी यंत्रणा बसवण्यात आली, जी अर्ध्या अँपिअरचा अर्थ फॉल्टही ओळखून दोन सेकंदांत त्या तारेवरचा दाब २५० व्होल्टपर्यंत उतरवते. मात्र त्या वेळी शाबूत तारांवरचा दाब सुमारे पावणेदोन पट होतो. जुने इन्सुलेटर आणि केबल तो सोसतील का, हे आधी संगणकावर तपासावंच लागतं.

आपल्याकडेही प्रत्येक फिडरचं रिले सेटिंग कोरड्या जमिनीवर पडलेली तार गृहीत धरून तपासलं पाहिजे. त्याला लागणारा खर्च एका माणसाच्या जिवापुढे काहीच नाही. आणि वाचकांनी एवढं पक्कं ध्यानात ठेवावं : पडलेली तार ठिणगी देत नसली, गावातली वीज गेलेली असली, तरी ती जिवंतच समजा. फिडर कधीही पुन्हा चार्ज होऊ शकतो. लांब राहा, इतरांना आणि गुरांना अडवा, आणि १९१२ वर कळवा.