ग्रीक स्तंभ आणि त्यांचे अलंकार

अलंकार म्हणजे वास्तू पुरी झाल्यावर वरून चढविलेली शोभा, अशी पुष्कळांची समजूत असते. प्राचीन ग्रीक मंदिरांकडे नीट पाहिले असता ही समजूत टिकत नाही. तेथील अनेक अलंकारांचा उगम वास्तूच्या बांधणीतच आहे. तो कसा, हे विद्यार्थ्यांस समजावून सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

ग्रीक मंदिराची रचना साधी असते. पायऱ्यांचा चौथरा, त्यावर स्तंभांची रांग, स्तंभांवर आडवी तुळई, तुळईवर शिल्पपट्टी आणि तिच्यावर पुढे आलेली कंगणी. या भागांची घडण व परस्परप्रमाण ठरवून देणाऱ्या पद्धतीस ‘ऑर्डर’ म्हणतात. आपण तिला स्तंभरीती म्हणू. ग्रीकांच्या स्तंभरीती तीन : डोरिक, आयोनिक व कोरिंथियन.

डोरिक ही सर्वांत भारदस्त. तिच्या स्तंभास बैठक नसते. तो सरळ चौथऱ्यावर उभा राहतो. त्याच्या अंगावर बहुधा 20 उभ्या पन्हळी असतात. माथ्यावर उशीसारखा गोल भाग व त्यावर चौकोनी फरशी, एवढेच त्याचे शीर्ष. शिल्पपट्टीत तीन उभ्या पट्ट्यांचे ठोकळे व चौकोनी फलक एकाआड एक येतात. हे ठोकळे म्हणजे पूर्वीच्या लाकडी मंदिरांतील तुळयांच्या टोकांची आठवण होय, असे इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियस सांगतो. याविषयी आधुनिक विद्वानांत मतभेद आहेत; तथापि दगडाच्या आधी लाकूड वापरात होते यात संशय नाही. ऑलिंपिया येथील हेरा देवीच्या मंदिराचे लाकडी स्तंभ एकेक करून बदलून तेथे दगडी बसविण्यात आले असे दिसते. इ. स. दुसऱ्या शतकात पौसानियस नावाच्या प्रवाशाने तेथे ओक वृक्षाचा एक स्तंभ अद्याप उभा असलेला पाहिला होता!

अथेन्सचे पार्थेनॉन (इ. स. पूर्व 447–432) हे डोरिक रीतीचे परमोच्च उदाहरण. त्याचे स्तंभ किंचित फुगीर व आत कललेले असून चौथराही मध्यभागी अल्पसा उचललेला आहे. सरळ रेषा डोळ्यांस वाकलेल्या भासू नयेत, म्हणून ही योजना केली असावी असे मानतात.

आयोनिक रीती आशिया मायनरच्या किनाऱ्यावर व बेटांवर वाढली. तिचा स्तंभ सडपातळ, बैठक असलेला, बहुधा 24 पन्हळींचा. त्याच्या शीर्षाच्या दोन्ही बाजूंस शंखासारखी वेटोळी असतात. कोरिंथियन शीर्षावर अकँथस झुडपाची पाने कोरलेली असतात. एका मुलीच्या थडग्यावर ठेवलेल्या टोपलीभोवती हे झुडूप वाढले आणि ते पाहून शिल्पकार कॅलिमॅकसला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका व्हिट्रूव्हियसनेच दिली आहे.

भार आणि शोभा यांचा सर्वांत सुंदर मेळ पार्थेनॉनशेजारच्या एरेक्थिऑन मंदिरात दिसतो. तेथील एका मंडपाचे छत स्तंभांऐवजी 6 स्त्रीमूर्ती मस्तकावर तोलून धरीत. त्यांपैकी एक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी काढून नेली व तिच्या जागी विटांचा खांब उभारावा लागला. मूर्तीच्या जाण्याने केवळ शोभा गेली नाही, छताचा आधारही गेला, हे त्या खांबानेच सिद्ध केले. ती मूर्ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उरलेल्या पाच जणी अथेन्समध्ये 2009 साली उघडलेल्या ॲक्रोपोलिस संग्रहालयात असून सहावीची जागा तेथे मोकळी ठेवली आहे.

या स्तंभरीती रोमनांनी उचलल्या, पुढे प्रबोधनकाळातील युरोपने त्या पुन्हा जागविल्या आणि पोर्तुगीजांबरोबर त्या गोव्यासही आल्या. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागावर त्यांची रूपे दिसतात. मात्र तेथील स्तंभ भिंतीस जोडलेले आहेत. भार मुख्यतः भिंत वाहते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या वास्तूपुढील डोरिक स्तंभ मात्र मंडपाचा भार प्रत्यक्ष वाहतात. अशी वास्तू पाहताना ‘हे किती सुंदर!’ एवढ्यावरच न थांबता ‘हे येथे कोणते काम करीत आहे?’ असा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःस अवश्य विचारावा.