सेंट हेलेनाचा जलमग्न मुलूख

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 1,950 किलोमीटर अंतरावर, अवघ्या 122 चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे सेंट हेलेना नावाचे जे ज्वालामुखीजन्य बेट उभे आहे, त्याची ओळख आपल्याकडे बहुधा नेपोलियनच्या बंदिवासापुरतीच राहिली. परंतु त्या बेटाचा पहिला ज्ञात रहिवासी गोव्याच्या इतिहासातून तेथे गेला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. फर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई आपला सेनापती आल्बुकर्क याची चाकरी सोडून आदिलशाहीचा सरदार रसूलखान याला जाऊन मिळाला. 1512 साली बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर तो हाती लागला, आणि जीव घेणार नाही असे वचन आधीच दिलेले असल्यामुळे त्याचे नाक, कान, उजवा हात व डाव्या हाताचा अंगठा तोडून त्याला सोडून देण्यात आले. मायदेशी परतत असताना, 1516 च्या सुमारास, तो या निर्जन बेटावर उतरला आणि युरोपची मध्ये घडलेली एक फेरी वजा जाता उरलेले आयुष्य त्याने तेथेच काढले.

जाणाऱ्या-येणाऱ्या तारवांनी खलाशांच्या अन्नासाठी या बेटावर शेळ्या सोडल्या, आणि ज्या वनस्पतींना लाखो वर्षांत चरणारा पशू ठाऊक नव्हता त्यांचा त्या शेळ्यांपुढे निभाव लागला नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आल्यावर इंधनासाठी व कातडी कमावण्याच्या सालींसाठी झाडे तोडली गेली ती वेगळीच. 1836 च्या जुलैत डार्विन येथे आला तेव्हा मूळच्या वनश्रीचा फार मोठा भाग नामशेष झालेला होता. सेंट हेलेना ऑलिव्ह या वृक्षाचे शेवटचे झाड 2003 साली मेले, आणि जगात अन्यत्र कोठेही न आढळणारा येथील राक्षसी कर्णकीटक 2014 साली अधिकृतपणे नष्ट ठरवण्यात आला. मात्र समुद्रात शेळी सोडता येत नाही. ज्या बेटाचा भूभाग माणसाच्या हातून इतका पालटला, त्याच बेटाच्या किनाऱ्याखालचे खडक आजही बव्हंशी आपल्या मूळच्या प्रजेसह नांदत आहेत, आणि म्हणून सेंट हेलेनाचा खरा जुना मुलूख ज्याला पाहावयाचा असेल त्याने पाण्याखालीच पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

येथे लक्षद्वीपासारखी प्रवाळभित्ती नाही. बेट म्हणजे चार हजार मीटरांहून अधिक खोल तळावरून उठलेल्या पर्वताचा माथा. किनाऱ्याभोवतीचे उथळ पाणी अरुंद, त्यापलीकडचा उतार खोल पाण्यात जाणारा आणि पाणी विषुववृत्तीय समुद्राच्या मानाने काहीसे थंड. त्यामुळे नारिंगी रंगाची सुटी प्रवाळे खडकांच्या सावलीत आढळतात, पण त्यांनी बांधलेली भित्ती कोठेच दिसत नाही. काळ्या शिळा, त्यांतील गुहा आणि कपारी, हीच या माशांची वस्ती.

या वस्तीत सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो सेंट हेलेनाचा फुलपाखरू मासा. पांढुरके अंग, पिवळे पर आणि डोळ्यावरून उतरणारा काळा पट्टा असे त्याचे रूप आहे, आणि गळाला न अडकता त्यावरचे आमिष कुरतडून नेण्याच्या सवयीमुळे बेटावरचे लोक त्याला ‘धूर्त मासा’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. प्रवाळांच्या समुद्रात त्याचे कितीतरी भाईबंद जोडीजोडीने हिंडतात आणि प्रवाळांचे जीव टिपून उपजीविका करतात; येथे मात्र ती सोय नसल्यामुळे हा मासा शेवाळापासून बारीक प्राण्यांपर्यंत मिळेल ते खातो आणि मोठमोठ्या थव्यांनी वावरतो. असेन्शन बेट सोडले तर त्याचे घर दुसरीकडे नाही. हिरवट रंगाचा एक व्रास, शेवाळाच्या आपल्या लहानशा तुकड्यावर दुसऱ्या कोणाला फिरकू न देणारा व खडकाला चिकटवलेल्या अंड्यांवर नराचा पहारा ठेवणारा डॅमसेल मासा, तळाच्या वाळूशी एकरूप होऊन पडणारा एक चपटा मासा, टोकदार तोंडाचा एक छोटा फुगा मासा, असे कितीतरी मासे केवळ या बेटाचे, किंवा हे बेट आणि असेन्शन या दोहोंचेच आहेत. कवचधारी प्राण्यांतही हाच प्रकार दिसतो: आपल्या शेवंडीच्या दूरच्या नात्यातला, मिशांच्या जागी रुंद पाती असलेला एक जीव येथील कपारींत राहतो आणि बेटवासी त्याला ‘स्टंप’ म्हणतात.

या माशांची शास्त्रीय दफ्तरात रीतसर नोंद होण्याचे श्रेय बऱ्याच अंशी जॉन मेलिस या बेटावरील अभियंत्याकडे जाते. 1860 च्या दशकात त्याने मासे जमवून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट ग्युंथर यांच्याकडे पाठवले, ग्युंथर यांनी त्यांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि त्या चपट्या माशाच्या व एका विंचूमाशाच्या शास्त्रीय नावांत मेलिसचे नाव कायमचे राहिले. पुढे 1875 साली मेलिसने बेटाच्या निसर्गाचा सविस्तर ग्रंथ लिहिला. आपल्या नोकरीचे काम सांभाळून एका माणसाने एवढे मोठे काम उभे करावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता एका मूलभूत प्रश्नाकडे वळू. किनाऱ्यालगतच्या खडकात जन्मभर राहणारा, चार हात लांबही क्वचित जाणारा मासा, दोन हजार किलोमीटर पसरलेले खोल पाणी ओलांडून येथे पोहोचला तरी कसा? याचे उत्तर त्याच्या बालपणात आहे. खडकांतील बहुतेक माशांची अंडी किंवा अंड्यांतून निघालेली पिले, ज्यांना डिंभ म्हणतात, ती उघड्या समुद्रात वाहत जातात. पारदर्शक, नखाएवढी ही पिले काही आठवडे, तर वामेसारख्या जातींत कित्येक महिने, प्रवाहाच्या स्वाधीन असतात, आणि त्या मुदतीत पायाखाली उथळ खडक आला तर जगतात, न आला तर मरतात. ज्या जातीची ही मुदत आखूड, तिला एवढे अंतर कापणे दुष्कर. मात्र काही मासे लहानपणी तरंगत्या ओंडक्यांच्या व शेवाळाच्या पुंजक्यांच्या आश्रयाने फिरतात आणि त्यांना त्या तराफ्यावर अधिक काळ तग धरता येतो. शिवाय हिमयुगांत समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेली होती, तेव्हा आज पाण्यात दडलेल्या काही सागरी टेकड्यांचे माथे वाटेतले मुक्काम ठरले असावेत.

काही पाहुणे तर थेट आपल्या बाजूच्या महासागरातून आले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापाशी हिंदी महासागराच्या उबदार पाण्याचे प्रचंड भोवरे सुटून अटलांटिकमध्ये शिरतात, आणि एका चिमुकल्या गोबी माशाचे पूर्वज याच वाटेने सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी अटलांटिकमध्ये उतरले, असे त्यांच्या जनुकांच्या अभ्यासावरून दिसून आले आहे.

अशी वाट ज्यांना साधली ते थोडे, आणि म्हणून दूरच्या बेटांवर माशांच्या जाती मोजक्याच असतात. सेंट हेलेनाच्या किनारी माशांच्या जाती शंभराच्या आसपास आहेत. इंडोनेशियाच्या प्रवाळसमुद्रात त्या हजारांनी मोजाव्या लागतात. परंतु जातींच्या या दारिद्र्यातून दोन गोष्टी निपजतात. पहिली अशी की जो पोहोचला त्याचे मुख्य कुटुंबाशी दळणवळण तुटते, नवे रक्त शतकानुशतके येत नाही, आणि पिढ्यांमागून पिढ्या जाता तो वेगळीच जात बनतो. दुसरी अशी की प्रतिस्पर्धी व शत्रू थोडे असल्यामुळे आलेल्यांपैकी काहींची संख्या अमर्याद वाढते. याचे सर्वांत ठळक उदाहरण 1,300 किलोमीटर वायव्येस असलेल्या असेन्शनला आहे. तेथे काळा ट्रिगर मासा इतक्या झुंडींनी असतो की बोटीवरून टाकलेला कोणताही खाद्यपदार्थ पाण्यात पडताच समुद्राचा तेवढा भाग काळा होऊन उकळू लागतो. हाच मासा हिंदी व प्रशांत महासागरांतही आहे, पण तेथे त्याला असे राज्य लाभलेले नाही. असेन्शन भूगर्भशास्त्राच्या हिशेबात अगदी बालवयाचे, सुमारे दहा लाख वर्षांचे आहे; सेंट हेलेनाचे वय मात्र सुमारे एक कोटी चाळीस लाख वर्षे धरतात. थोरल्या बेटाने धाकट्याला काही प्रजा पुरवली असावी, हा तर्क मला सयुक्तिक वाटतो.

माणसानेही नकळत या माशांना घरे पुरवली आहेत. बेटाची राजधानी असलेल्या जेम्सटाऊनच्या उपसागरात 1613 साली लढाईत बुडालेले डच जहाज ‘विटे लेऊ’, 1911 साली आगीत सापडलेली ‘पापानुई’ आणि ऑक्टोबर 1941 मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलेले तेलवाहू जहाज ‘डार्कडेल’, अशी तीन निरनिराळ्या युगांची गलबते तळाशी आहेत. ‘डार्कडेल’च्या टाक्यांतून दशकानुदशके तेल पाझरत होते, ते 2015 साली उपसून काढण्यात आले.

डिसेंबरपासून मार्चपर्यंत या पाण्यात व्हेल शार्क येतात. जगात हे मासे जेथे जमतात त्यांपैकी बहुतेक ठिकाणी अल्पवयीन नरांचाच भरणा असतो. सेंट हेलेनाला मात्र पूर्ण वाढलेले नर आणि माद्या साधारण सारख्याच संख्येने आढळतात, आणि म्हणूनच त्यांच्या वंशवृद्धीशी या जागेचा संबंध असावा, असे अभ्यासकांना वाटते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ज्याची एके काळी सर्रास शिकार होत असे आणि 2001 साली ज्याला आपल्या कायद्याचे संरक्षण मिळाले, तोच हा मासा.

बेटाच्या सरकारने 2016 साली भोवतालचा सुमारे 4,45,000 चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला. मासेमारी बंद केलेली नाही, आणि ती करू नये हेच योग्य. कुपा येथे गळाने, एकेक करून धरला जातो, आणि मोठी जाळी टाकणाऱ्यांपेक्षा ही रीत समुद्राला कितीतरी सुसह्य आहे. खरी चिंता निराळीच आहे. समुद्रात शेळी सोडता येत नाही असे वर म्हटले, परंतु हवाई बेटांवर ती जणू सोडली गेली: 1950 च्या दशकात खाण्यासाठी म्हणून पॉलिनेशियातून आणलेले एक प्रकारचे हेकरू आणि निळ्या पट्ट्यांचा एक तांब तेथील खडकांत अशा रीतीने पसरले की आज त्यांना परत घालवणे कोणाच्याही हाती नाही. अटलांटिकमध्ये तर हिंदी-प्रशांत महासागरातला सिंहमासा 1980 च्या दशकात फ्लोरिडाजवळ शिरला, कॅरिबियन समुद्र व्यापून तो ब्राझीलला पोहोचला आणि 2020 साली फर्नांदो दि नोरोन्या या बेटावर सापडला. तेथून असेन्शन सुमारे 2,000 किलोमीटर आहे. वरच्या थरातला मुख्य प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, ही बेटांच्या बाजूची गोष्ट; तथापि जहाजांच्या तळाला चिकटून आणि त्यांच्या टाक्यांतील पाण्यातून परके जीव प्रवाहाविरुद्धही येऊ शकतात. सेंट हेलेनाच्या व्रासाला किंवा तेथील डॅमसेल माशाला पळून जाण्यासाठी दुसरा किनारा नाही, आणि तो येथून नाहीसा झाला तर त्याची जागा पुन्हा भरून काढणारी दुसरी वस्ती पृथ्वीवर नाही. म्हणून जेम्सटाऊनला नांगर टाकणाऱ्या प्रत्येक गलबताच्या तळाची पाहणी हे त्या लहानशा सरकारच्या बंदोबस्तातले पहिले काम ठरायला हवे.