मांजराच्या डोळ्यांतील बाहुल्या असमान दिसल्यास

धान्याचे कोठार, वैरणीची गंजी आणि गोठा येथील उंदीर-घुशींना आळा घालणारे मांजर शेतघराला मोठे उपयुक्त असते. तथापि गाय किंवा शेळी आजारी पडताच जी तत्परता दाखविली जाते, ती मांजराच्या वाट्याला क्वचितच येते. एका डोळ्याची बाहुली मोठी व दुसऱ्याची लहान दिसणे हे असेच एक दुर्लक्षित लक्षण होय. पशुवैद्यकशास्त्रात त्यास ‘अ‍ॅनिसोकोरिया’ म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. डोळा, कान, मज्जातंतू किंवा मेंदू यांतील बिघाडाची ती सूचना असते.

बाहुलीचे कार्य

मांजराची बाहुली प्रखर उन्हात उभ्या रेषेसारखी बारीक होते, तर अंधारात मोठी व जवळजवळ गोल होते. बुबुळातील एक स्नायू तिला आकुंचित करतो, दुसरा विस्फारतो. या दोहोंना मेंदूकडून निरनिराळ्या मज्जातंतूंद्वारे संदेश मिळतात. निरोगी मांजराच्या एकाच डोळ्यावर प्रकाश पडला, तरी दोन्ही बाहुल्या लहान होतात.

दोष कोणत्या डोळ्यात?

मोठी बाहुलीच सदोष असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो नेहमीच खरा नसतो. मांजराला प्रथम भरपूर उजेडात आणि नंतर अंधूक खोलीत पाहावे. उजेडात फरक वाढल्यास मोठी बाहुली आकुंचन पावत नाही, असे समजावे. अंधारात फरक वाढल्यास लहान बाहुली विस्फारत नाही, असा अर्थ होतो. दोन्ही वेळची छायाचित्रे मोबाइलवर घेतल्यास पशुवैद्यकास निदान करताना मदत होते.

संभाव्य कारणे

लहान बाहुलीमागे पारपटलावरील जखम किंवा डोळ्याच्या आतील दाह असू शकतो. अशा वेळी मांजर डोळा मिटून घेते व पाणी गळते. टोक्सोप्लाझ्मा तसेच काही विषाणूजन्य रोगांतही असा दाह आढळतो. लहान बाहुलीसोबत वरची पापणी झुकलेली व तिसरी पापणी पुढे आलेली असल्यास मज्जातंतूचा दोष संभवतो. तरुण मांजरांत मध्यकर्णाचा संसर्ग किंवा कानातील मांसल वाढ हे त्याचे एक कारण असते. डोके एका बाजूस कलणे किंवा तोल जाणे ही लक्षणे त्यास पुष्टी देतात.

मोठ्या बाहुलीमागे वाहनाची धडक अथवा उंचावरून पडल्याने डोक्यास झालेली इजा, डोळ्यातील वाढलेला दाब किंवा दृष्टिपटलाचा विकार असू शकतो. बांधावरील धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन असते. त्याचा रस एका डोळ्यात गेल्यास तेवढीच बाहुली विस्फारते.

काय करावे, काय टाळावे

अपघात, सुस्ती, झटके, डोळ्यातील वेदना किंवा अचानक आलेले अंधत्व आढळल्यास विलंब न लावता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. अन्य लक्षणे नसली तरी त्याच दिवशी तपासणी करून घेणे श्रेयस्कर. अनेक राज्यांत १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क साधता येतो.

घरातील माणसांच्या डोळ्यांचे थेंब मांजरास घालू नयेत. पारपटलावर जखम असताना स्टेरॉइडयुक्त थेंब घातल्यास ती चिघळून डोळा गमावण्याची वेळ येते. वेदना कमी व्हाव्यात म्हणून पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. मांजराचे यकृत ते निष्प्रभ करू शकत नाही आणि एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

मांजर अकारण आक्रमक झाले असेल, लाळ गाळत असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर रेबीजची शक्यता गृहीत धरून त्याला हाताळू नये. चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ आरोग्य केंद्रात जावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गोठ्यास भेट देताना तेथील मांजराच्या डोळ्यांकडेही दृष्टी टाकावी. टोक्सोप्लाझ्माचे बीजांड मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात मिसळल्यास शेळ्या-मेंढ्यांत गर्भपात होतो. म्हणून खुराक झाकून ठेवावा व मांजरास कच्चे मांस घालू नये. मांजराचे आरोग्य हे अशा रीतीने कळपाच्या आरोग्याशीही जोडलेले आहे.